राखीमामीच्या हातचं

संजना त्या रविवारी आरशापुढून हलायला तयार नव्हती. चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर होता, माहेरचं सगळं गणगोत जमणार होतं, आणि तिचा ठेवणीतला ब्लाउज खांद्यावरून घसरत होता.

"बघ, काही न करता बारीक झाले," ती लेकीला, हर्षालीला म्हणाली. "पतसंस्थेतल्या बायका विचारतात, संजनाताई, कुठलं डाएट?"

"मग काय सांगतेस?"

"सांगते, नवऱ्याला ताट वाढून द्यायचं आणि आपण ओट्याशी उभ्याने खायचं."

"ऐकतोय मी," आतून हर्षालीचे बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठीच बोलतेय."

निघण्याआधी तिने नेहमीप्रमाणे इसबगोल पाण्यात कालवून एका दमात पिऊन टाकला. वर्षभर तिचं पोट असंच कुरकुरत होतं. कधी दोन-दोन दिवस साफ व्हायचं नाही, कधी सारखं धावावं लागायचं. आज गॅस, उद्या उष्णता, परवा मूळव्याध, अशी नावं ती स्वतःच ठेवून मोकळी व्हायची आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणायची. वय पंचेचाळीस. या वयात पोटाची तक्रार कुणाला नसते?

लॉन्सवर चांगुणाआजी, म्हणजे संजनाची आई, नांदगावकडच्या बायकांमध्ये ठाण मांडून बसली होती. तिच्या मागे धाकटा मुलगा वाल्मीक उभा होता. भाचीला पाहताच तो म्हणाला, "या ग्रंथपालीणबाई! आमच्या गावात पुस्तक म्हनलं की पासबुक." हर्षाली कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती आणि हा विनोद तिने दर लग्नात ऐकला होता. तरी ती हसली.

जेवणं आटोपत आली तेव्हा राखीमामी जिलबीची ताटली घेऊन समोर आली. राखी ही संजनाच्या थोरल्या भावाची, केरूची बायको. केरूला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. अडतिसाव्या वर्षी तो पोटाच्या दुखण्याने गेला, आणि तेव्हापासून माहेरच्या माणसांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती: राखीने त्याच्या पोटात घातलं. म्हणजे जेवणातून काहीतरी चारलं. काय, ते कुणी सांगत नसे. पण तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती नांदगावातच एका खोलीत वेगळी राहत होती.

"वन्सं, घ्या की. गरम हाय," राखी म्हणाली.

बायकांची कुजबुज थांबली. संजना पदवीधर होती, पतसंस्थेत रोज शंभर माणसांशी बोलत होती. तिने एक जिलबी उचलली आणि खाल्ली. आजीने टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला, पण तोवर घास पोटात गेला होता.

संध्याकाळी घरी परतताना रिक्षातच तिला कळ आली. ती पुढच्या दांडीला धरून वाकली आणि पुन्हा नीट सरळ झालीच नाही. तिचा शेवटचा साधा दिवस तो. पुढे पाच महिने होते, पण ते इस्पितळाचे होते.

मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तिने वाट पुरती बंद केली होती. ऑपरेशन तातडीने करावं लागलं. यकृतावरही ठिपके सापडले. डॉक्टरीणबाई शांत होत्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत. त्यांनी संजनाला विचारलं, "माहेरी कुणाला आतड्याचा त्रास होता?"

"नाही," संजना म्हणाली.

बाहेरच्या बाकावर आजीला मात्र निदान आधीच सापडलं होतं. "माझ्या केरूसारखंच झालं. डोळ्यांदेखत खाल्ली तिनं ती जिलबी. म्या चिमटा काढला तरी खाल्ली."

"आजी, ती गाठ एका दिवसात होत नाही. वर्षानुवर्षं लागतात."

"मंग वर्सामागं घातलं आसंल."

आजीला हर्षाली मनातून अडाणी म्हणत होती, पण संशय तिलाही लागलेला होताच, फक्त तिचा संशय पुस्तकांतून आला होता. ती मिळेल ते वाचत सुटली. पूर्वी साठीपुढच्या माणसांचा मानला जाणारा हा आजार तिशी-चाळिशीतल्यांना अधिक होऊ लागलाय, जगभर, आणि कशाने ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, एवढं तिला कळलं. मग तिने पोलिसाने झडती घ्यावी तसं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. आईचा प्लास्टिकचा डबा. पाकिटातले तळलेले पदार्थ. दर सर्दीला घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, त्यांनी पोटातले चांगले जिवाणू मारले असतील काय? घरी पेटीने येणारी द्राक्षं आणि त्यांच्यावरच्या फवारण्या. ती भाजीवाल्याकडे संशयाने बघायची, दूधवाल्याकडे बघायची, जेवताना बाबांच्या ताटाकडेसुद्धा बघत बसायची. घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवायची.

गाठीचा तुकडा पुढच्या तपासणीला गेला होता. त्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं.

"प्रत्येक तरुण रुग्णाचं असं नसतं, पण तुमच्या आईचा प्रकार आनुवंशिक आहे. माहेरकडून आलेला असणार. नीट चौकशी करा. भावंडांनी दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला हवी. आणि तुम्हीसुद्धा."

चौकशी करायची तर केरूमामाची सेवा जिने केली तिच्याकडेच जायला हवं होतं. हर्षाली घरी काही न सांगता एसटीने नांदगावला गेली.

राखीमामीची खोली लहान होती, पण लख्ख होती. तिने विचारपूस केली आणि चहा टाकला. कप समोर आला तेव्हा हर्षालीचा हात क्षणभर मांडीवरच राहिला. एवढी पुस्तकं वाचलेला हात. मामीने ते पाहिलं.

"घ्यायचा तर घे. नाय घेतलास तरी राग नाय. लय जनांनी तिथंच गार केलाय."

हर्षालीने कप उचलला. चहात साखर जास्त होती, बाकी काही नव्हतं. "मामी, केरूमामाला नक्की काय होत होतं?"

"संडासातून रगत जायचं. आधी थोडं, मंग लय. वाळून काटकी झाले. म्या म्हनलं दवाखान्यात चला. तर तुझ्या आजीनं त्यांना वाडीवरल्या बाबाकडं नेलं, पोटातलं काढायला. बाबानं फुंकलं, वकायला लावलं, त्यातून केसाचा गुंता काढून दाखवला. झालं! तवापासून मी घालनारी. नाशकाच्या डॉक्टरनं सांगितलं आतड्याचं, पन तवर काय उरलं नवतं."

"आणि आबा? तुमचे सासरे, कोंडाजीआबा?"

"तुझे आबा? ते म्या घरात यायच्या आधीच गेले. पन सांगत्यात ना, तेच. पोट, रगत, वाळनं. तवा शेजारच्या भागीबाईनं ताकातून घातलं म्हनले. तिच्या दारावरनं जायचं सोडलं लोकांनी." मामीने पदराने कप पुसला. "तुझ्या मामाच्या येळंला मी. आता वन्संच्या येळंला परत मीच. जिलबी तळली आचाऱ्यानं, पन घातली मी! दर येळंला वाढनारी बाई सापडती बघ तुमच्या घराला. आजार तेवढा सापडत नाय."

हर्षाली परत आली ती थेट आईच्या उशाशी बसली. सगळं सांगितलं. संजनाने तिचं मनगट धरलं.

"माझ्या आईला सांगू नकोस."

"वाल्मीकमामाची तपासणी करायला हवी, आई."

"करू. हळूहळू करू. पण तिला सांगू नको. ती कुणाला तरी दोष देऊनच जगत आलीय गं. नवरा, मुलगा, आता मी. हे आपल्याच घरातून आलं म्हटलं तर ती कशावर उभी राहील?"

हर्षालीने शब्द दिला. वाल्मीकमामाला मात्र तिने फोन केला, आडवळणाने म्हणाली, वय झालं, एकदा पोट तपासून घ्या. तो हसला. "तुझ्या पुस्तकात माझं पोट कुठून आलं?"

संजना पाचव्या महिन्यात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीवर राख सावडून माणसं परतली. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, डबे सोयऱ्यांनी आणायचे, अशी यांच्यात रीत. कुणी आमटी-भात आणला, कुणी पोळ्या. हॉलमध्ये सतरंजीवर माणसं जेवायला बसली. हर्षाली वाढत होती आणि वाल्मीकमामाकडे बघत होती. त्याची विजार दोन चिमटींनी कंबरेला धरून ठेवल्यासारखी दिसत होती, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक वेडंवाकडं भोक होतं. भाताचे दोन घास खाऊन तो उठला. सकाळपासून कितव्यांदा तरी आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर घाम होता.

"मामा, काय होतंय?"

"मूळव्याध गं. डायव्हरकीची लाइन, बसून बसून होतीच."

"उद्या अवस हाय," आजी भिंतीला टेकून म्हणाली. ती तीन दिवस रडली नव्हती. "उद्याच याला वाडीवर न्यायचा. आता त्या बाबाचा लेक काढून देतो. दोन गेली, हा तरी ऱ्हाऊ दे."

सतरंजीवरच्या चार-दोन माना होकारार्थी हलल्या. त्यांत एक बँकेतला होता, एक मास्तर होता.

तेवढ्यात दारात राखीमामी आली. हातात फडक्यात बांधलेला डबा. नांदगावहून एसटीने आली असणार, चेहरा धुळीने भरला होता. ती उंबऱ्यातच थांबली.

"पिठलं-भाकर हाय," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "वन्संना आवडायचं."

"कोनी बोलावलं तुला?" आजीचा आवाज चढला. "माझ्या पोरीला खाऊन पोट भरलं नाय? आता याच्यासाठी आनलं व्हय? भाईर ठेव ते. कुत्र्याला बी घालू नका रे!"

मास्तरांनी आपलं ताट नकळत जवळ ओढलं. मामी मागे वळली. हर्षालीने तिच्या हातातला डबा घेतला आणि तिला हाताला धरून आत आणलं. आईला दिलेला शब्द तिला आठवला. आई गेली होती, आणि मामाच्या पट्ट्याला नवं भोक होतं.

"आजी, कुणी काही घातलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, ग्रंथालयात बोलावा तेवढाच होता. "आईला आतड्याचा कॅन्सर होता."

पाच महिन्यांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. गाठ म्हणत होते, पोटाचं म्हणत होते. एका बाईने कानावर हात ठेवले.

"केरूमामाला तोच होता. आबांनाही तोच असणार. तो रक्तातून येतो, आबांकडून आला. डॉक्टरांनी आईच्या गाठीची तपासणी करून सांगितलंय. भागीबाईने ताकात काही घातलं नव्हतं आणि राखीमामीने जिलबीत काही घातलं नाही."

आजीचा जबडा हलला. मग ती म्हणाली, "म्हंजे माझ्याच घरानं माझी पोरं खाल्ली म्हन की."

"घराला माहीत नव्हतं, आजी. आता माहीत झालंय."

"मला काय बी झालेलं नाय," वाल्मीकमामा घाईने म्हणाला. "सांगितलं ना, मूळव्याध हाय माझी."

"आईचीही मूळव्याधच होती, मामा. वर्षभर."

त्याने खुंटीवरची टोपी काढली, पायात चप्पल शोधू लागला. "वाडीवर बाबाच्या लेकाला शब्द दिलाय. उद्या तिकडं जाऊन येतो, मंग बघू तुझं."

तो दारापर्यंत पोचला. हर्षालीला अजून खूप काही सांगता आलं असतं. वेळेत सापडलं तर बरं होतं, हे सांगता आलं असतं. वाचलेलं सगळं तोंडपाठ होतं. पण त्या माणसाला वाचलेलं ऐकायची सवय नव्हती, आणि जे खरं होतं ते तिने बाबांना, आईला, कुणालाच सांगितलं नव्हतं. डब्याची गाठ तिच्या मुठीत घट्ट होती.

"मामा, उद्या डॉक्टरकडे माझी पण वेळ आहे. याआधी दोनदा घेतली आणि दोनदा फोन करून रद्द केली. मलाही असू शकतो तो." ती थांबली. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. "मला भीती वाटते, मामा. खूप भीती वाटते. मला तिथे एकटीला जायचं नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला."