डाव्या स्पीकरची वायर

मी एक वायर आहे. पनवेलमधल्या एका घरात, अ‍ॅम्प्लिफायर आणि डावा स्पीकर यांच्यामध्ये माझं आयुष्य गेलं. माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच, तर झाडू अडकला म्हणून.

मी दोन पदरांची. वरून पारदर्शक आवरण, आत केसासारख्या तांब्याच्या तारा, एका पदरावर लाल रेघ. दुकानात मी एका मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. भगवानराव आले आणि दुकानदाराला म्हणाले, "जरा जास्तच द्या. भिंतीच्या कडेनं फिरवून न्यायची हाय." म्हणून मी चांगली ऐसपैस कापली गेले. त्याच रिळाचा दुसरा तुकडा उजव्या स्पीकरला गेला. ती माझी बहीण.

भगवानराव मिठागरवाल्यांच्या घरातले. मिठागरं गेली, तसे ते तळोज्याच्या एका कारखान्यात लागले. नोकरीभर मोठ्या प्रेस मशीनपाशी उभे राहिले. मशीन डाव्या हाताला, दिवसभर धाडधाड. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेखातर एकच वस्तू घेतली, ती म्हणजे हा स्टिरिओ.

रविवारी सकाळी ते खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ओढायचे आणि डोळे मिटून भजनं ऐकायचे. मध्येच बायकोला हाक मारायचे, "चंद्रा, ये ना. पेटी बघ डावीकडं हाय, टाळ उजवीकडं." चंद्रावती भाजी निवडत दारातूनच म्हणायच्या, "मला आपली सगळीकडून सारखीच ऐकू येते."

इथली हवा खाडीची, दमट आणि खारी. उघडं तांबं आधी काळवंडतं, मग हिरवं पडतं, आणि गाण्यात खरखर सुरू होते. भगवानरावांना हे ठाऊक होतं. पावसाळा सरला की ते स्विच बंद करून प्लग काढायचे, मला अ‍ॅम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या मागच्या क्लिपांतून सोडवायचे, टोकांवर पॉलिश पेपर हलकेच फिरवायचे, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. मग तारा पिळून परत क्लिपांत. लाल रेघ लाल क्लिपेत, दुसरा पदर काळ्या क्लिपेत. त्या हातांची मला भीती वाटत नसे.

आणखी एक हात माझ्या ओळखीचा होता. दिपाचा. नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला वाडी आहे, तिथून ती घरकामाला यायची. फरशी पुसताना मला दोन बोटांनी अलगद उचलायची, खालून फडकं फिरवायची आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवायची. गाणं चालू असलं तर डाव्या स्पीकरवर तळवा टेकवून म्हणायची, "वयनी, हातात वाजतंय बगा!" चंद्रावती हसायच्या. भगवानरावसुद्धा हसायचे.

मग एका रविवारी ते ऐकता ऐकता थांबले. "डावा दबलाय," म्हणाले. मला काढलं, घासलं, पुसलं, लावलं. फरक पडला नाही. पुढच्या रविवारी तेच. "टोकच खराब झालं असेल," म्हणत त्यांनी माझं टोक कात्रीने कापलं, आवरण सोलून ताजं तांबं बाहेर काढलं. तरी डावा दबलेलाच.

माझ्यातून आवाज नीट जात होता. स्पीकर नीट वाजत होता. मला ते कळत होतं, पण आमच्यासारख्यांना दुसऱ्याचा आवाज पोचवता येतो, स्वतःचा नाही.

मग दर रविवारी कापणं सुरू झालं. मी आखूड होत गेले. भिंतीची कड सुटली, मी फरशीवरून ताणून आडवी गेले आणि शेवटी स्पीकरच पुढे ओढावा लागला. माझी बहीण मात्र होती तशी लांब, भिंतीच्या कडेला निवांत.

"अवो, मला तर चांगला ऐकू येतंय," चंद्रावती म्हणाल्या.

"तुला कदी फरक कळला?" भगवानराव तडकले. आणि त्यांची नजर फडकं पिळत बसलेल्या दिपावर गेली.

"तू वायर ओढतेस ना पुसताना?"

"नाय दादा. मी उचलून ठेवतंय."

"उचलतेस म्हंजे हात लावतेस. ओल्या हातानं!"

"हात पुसून लावतंय, दादा. वयनींना इचारा."

"खोटं बोलू नको. एवढी जपलेली वस्तू, तू वाटोळं केलंस तिचं. उद्यापासून येऊ नको."

चंद्रावती पुढे झाल्या. "अवो, जरा ऐका तरी. इतकी वर्षं येते ती." पण भगवानराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दिपाने फडकं बादलीच्या कडेवर वाळत घातलं, हात पदराला पुसले आणि ती निघाली. जाताना माझ्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली.

नंतर चंद्रावती स्वतः फरशी पुसू लागल्या. एका रविवारी पुसून झाल्यावर त्यांनी खुर्ची उचलून ठेवली ती उलटी, स्पीकरकडे पाठ करून. भगवानराव गाणं लावून आपल्या तंद्रीत तसेच बसले. आणि एकदम ताठ झाले.

आता माझा स्पीकर त्यांच्या उजव्या कानाकडे आला होता. पेटी लख्ख ऐकू येत होती. दबले होते ते टाळ.

ते उठले. खुर्ची सरळ केली, बसले. पेटी दबली. पुन्हा उठले, खुर्ची फिरवली, बसले. पेटी लख्ख. मग एक बोट डाव्या कानात घालून बघितलं. काहीच बदललं नाही. त्यांनी गाणं बंद केलं.

"काय झाला?" चंद्रावतींनी विचारलं.

"दिपा कोणच्या वाडीत राहते गं?"

त्याच दिवशी ते वाडीवर गेले. परत आले ते घामाने भिजून. दिपाचं घर बंद होतं. हातचं काम सुटलं तशी ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. पावसाच्या तोंडाशी येतील, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं.

मुलीने, अंकिताने, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीनच्या आवाजाने डावा कान गेलाय, तो परत यायचा नाही, असं कळलं. कानात घालायचं यंत्र आलं. ते त्यांनी मुकाट्याने घातलं.

पाऊस सुरू झाल्यावर ते पुन्हा वाडीवर गेले. या वेळी दिपा भेटली. परत येऊन ते चंद्रावतींना सांगत होते, मी ऐकत होते.

"बरीच वाळलीय. मी म्हटला, ये परत कामाला. नाय म्हणाली. म्हणाली, वयनींना सांगा, बरी हाय."

"आणि तुमची चूक झाली, तो बोललात का तिला?"

भगवानराव कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसत बसले.

त्यानंतर त्यांनी मला हात लावलेला नाही. पावसाळा सरला तरी क्लिपा उघडल्या नाहीत. आता माझी टोकं खरोखरच हिरवी पडली आहेत. परवा चंद्रावतींनी भजन लावलं तर डावा स्पीकर खरखरून मध्येच बंद पडला. "अवो, आज खरंच बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"वायरीला काय नाय झाला. माझा कानच तसा," ते म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

भगवानराव, मी तुमच्यावर रागावलेली नाही. थोडं स्पिरिट आणि कापूस मिळाला तर मी अजून वाजेन. आखूड झाले तरी वाजेन. पण मला घाई नाही. दिवाळी होऊन गेली आहे. वाडीवरची माणसं आता कधीही भट्टीसाठी बाहेर पडतील, घरांना कुलपं लागतील. माझं काम राहू द्या. आज उन्हं उतरायच्या आत नेऱ्याकडे जा, आणि त्या दिवशी दिपाच्या दारात उभं राहून जे तोंडातून निघालं नाही, तेवढं बोलून या.