बिनजोडीची पोरं

औंढ्याजवळच्या तांड्यावरच्या शाळेत शिला आणि तिचा नवरा सेवा राठोड, असे दोघंच शिकवायला. तिथली निम्मी पोरं दिवाळी झाली की आईबापासंगं ऊसतोडीला जातात आणि परत येतात ती अक्षरं सांडून. शिला म्हणायची, परकी भाषा सांडते, घरची सांडत नाही. म्हणून तिनं शब्दकार्डं केली. एका अंगाला चित्र आणि घरच्या गोरमाटी बोलीतला शब्द, 'बाटी'. दुसऱ्या अंगाला मराठी, 'भाकरी'.

जूनमध्ये तिनं साऱ्या वर्गाची चाचणी घेतली. दिवाळीला पोरं तोडीला गेली. पुढं तापाचं निमित्त झालं आणि शिलाही गेली. मार्चची चाचणी सेवानं एकट्यानं घेतली. आता ही पद्धत पुढं चालवायची की बंद करायची, हे हिंगोलीच्या कार्यालयात ठरणार होतं.

तिथं आकडे लावायला योगेश नावाचा तरणा साहेब होता.

"शहरातल्या शाळेच्या सरासरीशी ताडून पाहिलं, राठोड सर. तुमची शाळा खालीच हाय."

"ती पोरं आईच्या मांडीवरच मराठी शिकतात. आमची शाळेत आल्यावर. अशी शर्यत लावता व्हय?"

योगेश हसला. "बराबर बोलले. मग जोडीची कसोटी लावू. ज्याचं त्याच्याशीच. आधीचे गुण अन् नंतरचे." त्यानं बटण दाबलं आणि स्क्रीन सेवाकडं वळवला. "घ्या. फरक दणदणीत हाय. बाईंची पद्धत जिल्हाभर जाईल."

शिला गेल्यापासून सेवाच्या कानावर पहिल्यांदाच काही बरं पडत होतं. मग त्यानं नावं वाचली.

"तोडीला गेलेली पोरं कुठं हायेत यात?"

"त्यांची मार्चची चाचणी कुठंय? जोडीतलं एक नसलं की दुसरं गाळावं लागतं. एकट्याचं काही..." योगेश अडखळला. "माफ करा, सर."

"नियम तुमी केला का? माफी कशाची?" सेवा म्हणाला. "पण पद्धत त्यांच्यासाठीच होती."

"ती पोरं वर्गात नव्हतीच. त्याचा दोष बाईंच्या पद्धतीवर काहून टाकता?"

"ती म्हणायची, ही पोरं विसरणार न्हाईत. जी कुठं गेलीच न्हाईत ती विसरली न्हाईत, असं सांगू का लोकांला?"

"लोक इचारत न्हाईत, सर."

"मी इचारून राहिलो."

एप्रिलात तोडीच्या गाड्या परतल्या आणि सेवानं राहिलेल्या पोरांची चाचणी घेतली. शितल ही शिलाची लाडकी. कार्ड बघितल्याबरोबर तिनं खणखणीत आवाजात "बाटी" म्हटलं. सेवा सुखावला. कार्ड उलटं केलं, तर शितल नुसती बघत राहिली. त्यानं पुन्हा पहिली बाजू धरली आणि अंगठ्यानं चित्र झाकून नुसती अक्षरं दाखवली. मग बाटीही आली नाही.

त्यानं तिच्या नावापुढं भोपळा लिहिला. शिलानं हयातीत कुणाला भोपळा दिला नव्हता. एखादा गुण ती कुठून तरी काढायचीच.

चार दिवसांनी योगेशचा फोन आला. "सर, तुमचे नवे गुण घातले अन् सगळं पुसलं गेलं. फरकच दिसंना. कागद अजून वर गेला न्हाई. गाळू का ती पोरं?"

"साऱ्यांच्या जोड्या लागल्या ना?"

"लागल्या."

"मग पाठवा."

फोन ठेवून सेवा कार्डं सुतळीनं बांधायला बसला. शिला असती तर तणतणली असती, की तुमाला कार्डच धरता येत न्हाई, चूक तुमची, माझी न्हाई. त्यानं गाठ आवळली आणि गठ्ठा कपाटावर टाकला.