घास भरवण्याचा उपक्रम

प्रेमानंदला किळस सहसा यायची नाही. सेनगाव-साखरा रस्त्यावर जीप चालवणाऱ्याला ती परवडतही नाही. कुणाचं लेकरू सीटवर ओकतं, कुणी खिडकीतून मारलेली पिंक वाऱ्यानं मागच्याच्या शर्टावर येते, आणि प्रेमानंद शिव्या न देता फडकं काढून पुसून घेतो. पण त्या थंडीत त्याला जी किळस आली, ती काही केल्या पुसली जाईना.

झालं असं की आकांक्षा, त्याची पाचवीतली पोरगी, शाळेतून आली की दप्तर टाकून थेट भाकरीच्या टोपल्यावर तुटून पडायला लागली. शाळेत खिचडी मिळते, मग ही एवढी उपाशी कशी? त्यानं विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, खिचडीची चव लागतच न्हाई. नुसती पोरीइच्या बोटाची लागती."

आकांक्षाचा उजवा हात जन्मापासून कोपरात दुमडलेला आणि मनगटात वळलेला. बोटं मिटत नाहीत. पण डावा हात असा तयार की लिहिणं, चेंडू फेकणं, भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवणं, सगळं त्या एकट्यानं चालायचं. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. शाळेत मात्र वाटलं. डावा हात म्हणजे धुवायचा हात, त्या हातानं ही खाते, म्हणून पंगतीत पोरी सरकून बसायला लागल्या. दोन-चार आयाही शाळेत येऊन कुरकुरल्या.

मुख्याध्यापक माणिकरावांनी खरं तर पोरांना एवढंच सांगायचं होतं, की ज्याला एकच हात आहे तो त्याच हातानं धुतो, साबण लावतो आणि त्याच हातानं जेवतो. एका वाक्याचा धडा होता. पण एका वाक्याचा फोटो निघत नाही. माणिकरावांनी दिवाळीनंतर उपक्रम काढला, 'मायेचा घास'. रोज एका पोरीची पाळी. तिनं आपल्या उजव्या हातानं आकांक्षाला खिचडी भरवायची आणि आकांक्षानं डावा हात मांडीखाली दाबून तोंड उघडायचं.

पहिल्या दिवसाचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला तेव्हा प्रेमानंद हरखून गेला होता. वर्गातल्या पोरी आपल्या लेकराला घास भरवतात, ह्याहून काय पाहिजे? त्यानं हात जोडलेल्या चित्रासकट तो स्टेटसला ठेवला. आता त्यानं तोच फोटो परत उघडला आणि मोठा करून पाहिला. बैलाला औषध पाजताना जबडा धरतात, तसं कुणीतरी तिची हनुवटी धरली होती. आकांक्षाचे डोळे गच्च मिटलेले होते. हे आपण दिवसभर गावाला दाखवत होतो, ह्याचीच त्याला किळस आली.

मग पोरगी एकेक सांगत गेली. कुणाच्या नखात माती असते. कुणी नुकतंच नाक पुसलेलं असतं. कुणी घास इतका आत कोंबते की उमासा येतो. आणि भरवून झालं की ती पोरगी लाळ लागल्यासारखी हात लांब धरून नळावर पळते, साबणानं कोपरापर्यंत धुते, वरून बोटं हुंगून मैत्रिणींना दाखवते. सगळ्या हसतात. आकांक्षा सांगून थांबली आणि म्हणाली, "शाळेत जायचंय मला. पण तोंड उघडणार न्हाई. भरवणं बंद झालं न्हाई, तर मी घरीच बसते."

ती बोलेल तसं करणारी पोरगी होती, हे प्रेमानंदला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जीप फाट्यावर लावून तो शाळेत गेला. माणिकराव खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि समाज बदलायला वेळ लागतो, असं समजावलं. तीन डिसेंबरला दिव्यांग दिन आहे, शाळा तपासणारे केंद्रप्रमुख साहेब खास उपक्रम बघायला येणार आहेत, तेवढं होऊ द्या. उलट तुमच्या पोरीचंच नाव होऊन राहिलंय. आणि हसत हसत हेही म्हणाले, की तुमच्या लोकांना जिथं तिथं अपमानच दिसतो, हे काही बराबर नाही. बोलता बोलता त्यांनी डाव्या तळहातावरची मळलेली तंबाखू चिमटीत धरली आणि ओठाखाली सोडली. तळहाताला चिकटलेली उरलीसुरली जिभेनं टिपून घेतली. प्रेमानंद त्या डाव्या तळहाताकडं बघतच राहिला. त्या हाताला सगळं माफ होतं. जाता जाता साहेबांना सेनगावहून आणायला जीपही त्यांनी फुकटात ठरवून टाकली.

घरी म्हाताऱ्या जळबांना, प्रेमानंदच्या बापाला, हे कळलं. ते म्हणाले, "आमच्या वक्ताला पंगतीतून उठवून येगळं बसवायचे. हे मधी बसवून येगळं करून राहिले."

प्रेमानंदनं पोरीला सांगितलं की एवढा कार्यक्रम होऊ दे, मी तिथंच उभा असेन, तुला नको वाटलं तर नको खाऊस. सांगितलं खरं, पण आपण अपमान गिळून आलो ह्याची त्याला स्वतःचीच शिसारी आली.

तीन तारखेला मैदानात मंडप उभा राहिला. आकांक्षाला झेंडूचा हार घालून मंचावर पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसवलं. माणिकराव तिला देवाचं लेकरू म्हणाले, आम्हा सगळ्यांची परीक्षा बघायला देवानं ही धाडली म्हणाले. म्हणजे पोरगी ही पोरगी नव्हतीच, सोडवायचा पेपर होती. मग शिऱ्याचं ताट आलं आणि पोरी ओळीनं उभ्या राहिल्या.

पहिली प्रतिक्षा आली, आकांक्षाच्याच बाकावर बसणारी. तिनं घास पुढं केला. आकांक्षानं ओठ मिटून घेतले. घास ओठांवर टेकला, तिथंच थांबला आणि फ्रॉकवर सांडला. मंडपात कुजबुज झाली. माणिकराव हसत उठले, लाजली म्हणाले, आता मीच भरवतो. मंडपाच्या कडेला जाऊन तंबाखू थुंकून आले, बोटं पँटीला पुसली आणि त्याच बोटांनी शिऱ्याचा घास उचलला.

"आधी तुमी घ्या, सर," आकांक्षा म्हणाली.

तिनं डाव्या हातानं ताटातला शिरा घेतला, नीट गोळा केला आणि सरांच्या तोंडासमोर धरला. टाळ्या पडल्या. लग्नात, वाढदिवसाला घास भरवणाऱ्याला आपणही भरवतो, ही तर आपली रीतच. लोकांना वाटलं, किती मायाळू लेकरू. केंद्रप्रमुख वा वा म्हणाले, मोबाइल वर झाले. आता नाही म्हणायची सोय नव्हती. माणिकरावांनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं, श्वास धरला आणि तोंड उघडलं.

फोटो निघाला. फुगलेल्या गालानं हसत हसत माणिकराव मंचावरून उतरले, पाण्याच्या टाकीमागं गेले आणि शिऱ्याचा आख्खा गोळा थुंकले. तोंडात बोट घालून जीभ खरवडली, चुळा भरल्या, खाकरले. पण नळ तिथंच होता. शिऱ्यानं चिकट झालेला हात धुवायला प्रतिक्षा तिथंच उभी होती, आणि मंडपाच्या कडेला उभ्या प्रेमानंदलाही सगळं दिसत होतं. तो गोळा जमिनीवर पडला होता. आयुष्यभर लोकांची ओकारी पुसली, पण इतकी घाण त्यानं पाहिली नव्हती.

माणिकराव रुमालानं तोंड पुसत मंचावर आले. प्रतिक्षा त्यांच्या मागोमाग आली आणि वर्गात शंका विचारावी तशी म्हणाली, "सर, तुमालाच किळस येती, तर आमी काहून भरवायचं?"

तंबाखूचा कण दाताखाली आला होता, असं काहीतरी माणिकराव पुटपुटले. केंद्रप्रमुख घड्याळाकडं बघायला लागले. प्रेमानंद मंचावर चढला, पोरीच्या गळ्यातला हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला आणि माणिकरावांना म्हणाला, "आजपासून माझी पोरगी तिच्या हातानं खाईल. पंगतीत."

आकांक्षानं शिऱ्याचं ताट घेतलं, कुशीत नीट धरून खाली उतरली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. डाव्या हातानं खायला लागली. सावकाश, चवीनं, सगळ्यांच्या देखत. पोरींची ओळ मोडली, पण जवळ कुणी जाईना. प्रतिक्षा तेवढी आपलं ताट वाढून घेऊन तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मला बी तुझी किळस यायची," ती म्हणाली.

"मला बी तुझी यायची," आकांक्षा घास गिळून म्हणाली. "तुझी नखं लई घाण हायेत."

प्रतिक्षानं बोटं पुढं धरून नखं पाहिली. घाणच होती. ती परत नळावर गेली, काडीनं एकेक नख कोरून हात धुऊन आली आणि आकांक्षाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, आपल्या हातानं जेवायला बसली.