यार्देनमधला मिशाळ मासा

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठामागे बाप्तिस्म्याचं कुंड आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर यार्देन नदी. ओलीने जुन्या नदीचे पोपडे उडाले, तेव्हा नवी रंगवायचं काम व्हर्लीन टब्सकडेच येणार होतं. आमच्या या डेल्टातल्या, म्हणजे नदीकाठच्या मुलखातल्या, निम्म्या खानावळींच्या पाट्या तिच्याच हातच्या. बाप पाट्या रंगवायचा, आई चिंध्यांच्या गोधड्या शिवायची, आणि आमची व्हर्लीन दोघांवर गेली. तिचं सगळं लालभडक, सगळ्याला पिवळी कड. तिने देवदूत काढला तरी तो गरमागरम तळलेला वाटतो, हे मी तिला तोंडावर सांगते.

नदी छान उतरली. फक्त मधोमध एक भला थोरला मिशाळ मासा होता, आपला कॅटफिश.

चर्चचे कारभारी डीकन पिकेट चष्मा पुसत पुढे आले. "सिस्टर टब्स, हे काय?"

"मासा."

"ते दिसतंय. बायबलात, लेवीयाच्या पुस्तकात काय लिहिलंय? ज्याला पर आहेत पण खवले नाहीत तो मासा अशुद्ध!"

"आणि शुक्रवारी चर्चच्या अंगणात तुम्ही ताटभर हाणता तो?"

"तो पोटात जातो, बाई. हा देवाच्या घरात राहणार. रविवारच्या आत बुजवा, नाहीतर मी बुजवतो."

व्हर्लीन कुंचले धुवायला लागली. भांडण सोडून ती कुंचले धुते म्हणजे दुखणं खोल, हे मला ठाऊक होतं. तिचा नवरा लूशस, नदीवरचा कोळी, जन्मभर तिला चर्चच्या दारात सोडून बाहेर ट्रकमध्ये बसायचा. "तुमच्या त्या नदीत एक मासा नाही, मी उतरून करू काय?" म्हणून सगळ्यांना हिणवायचा. यंदा आजारातून उठला आणि रविवारी कुंडात उतरायला तयार झाला.

"मी त्याला मासा कबूल केलाय," व्हर्लीन म्हणाली. "दिसला नाही तर काठावरूनच परत फिरेल तो. मी ओळखते ना त्या हट्ट्याला."

शनिवारी तिने चर्चला आतून कडी लावून घेतली.

रविवारी आमचे पाळक रेव्हरंड मोझली प्रवचन देता देता गायला लागले. त्यांचा सूर चढला की ऑर्गन उत्तर देतो, बायका पंखे थांबवतात, आणि माझ्या मेल्या डोळ्यांना धार लागते. "बोला, रेव्हरंड, बोला!" मी ओरडले. तेवढ्यात कुंडाचा पडदा सरला.

मासा जागेवरच होता, मिशांसकट. पण आता अंगभर खवले! एक निळ्या चौकडीचा, एक फुलाफुलांचा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, अगदी तिच्या आईच्या गोधडीसारखे, आणि प्रत्येकाला पिवळी कड.

डीकन उठले. कुंडाच्या कडेने मागे जाऊन नाक भिंतीला लागेपर्यंत वाकले.

"खवले आहेत," ते शेवटी पुटपुटले. "पर पण आहेत." आणि जागेवर जाऊन बसले.

पांढऱ्या झग्यातला लूशस पायऱ्या उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने मान वर केली, आणि खो खो हसत सुटला.

"व्हर्ल, असलं ध्यान उभ्या जन्मात माझ्या गळाला लागलं नाही गं!"

"आज तू लाग गळाला," पहिल्या बाकावरून व्हर्लीन म्हणाली. "वळवळू नकोस."

रेव्हरंडांनी त्याला हसता हसताच पाण्याखाली घेतलं. नाकातोंडात पाणी जाऊन, ठसकत, हात वर करून लूशस बाहेर आला, आणि रेव्हरंडांनी आपला सोडलेला सूर तिथूनच पुन्हा उचलला. मी आमेन म्हटलं. आणि देवा, क्षमा कर, त्या माशाकडे बघून मला कडकडून भूक लागली.