अठरा फेब्रुवारीपर्यंतचा व्यायाम

डॉक्टरने चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं, 'मंडळात जाणे, आठवड्यातून पाच दिवस.' मी विचारलं, हे मेडिकलवर मिळतं का. तो हसला नाही.

"काका, गुडघे झिजले नाहीत तुमचे, बसून बसून आखडलेत. नवी योजना आहे. आम्ही दवाखान्यातून पाठवतो, बुधवारा पेठेतलं खेळ मंडळ व्यायाम करून घेतं."

म्हणजे आजारी माणूस एकाने दुसऱ्याकडे ढकलायचा. त्याला योजना म्हणतात.

पण मला जावं लागणार होतं. माझी बायको ज्योत्स्ना मागच्या वर्षी अठरा फेब्रुवारीला गेली. दहाव्याला सगळे ताप्तीच्या घाटावरून खाली पाण्यापर्यंत उतरले आणि मी वरती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. चाळीस पायऱ्या. आमच्या विपुलने खाली सगळं केलं. मी वरून बघत होतो, दुसऱ्याच्या घरचं कार्य बघावं तसं. बत्तीस वर्षं मी गिरणीच्या फाटकावर बसून लोकांची हजेरी घेतली, आणि तिच्या कार्याला मीच गैरहजर. वर्षश्राद्धाला खाली उतरायचं आणि माझ्या हाताने तिला पाणी द्यायचं, हे मी त्या खुर्चीवरच ठरवलं. ठरवून आठ महिने खाटेवर पडून राहिलो. दिवाळी झाल्यावर डॉक्टरकडे गेलो.

मंडळाचे अध्यक्ष दगाशेठ. त्यांचं पोट त्यांच्या आधी फाटकातून आत येतं. पहिल्या दिवशी आम्हा नव्या बारा जणांचा सत्कार झाला. अजून कोणी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. नारळ फुटला, फोटो निघाले, दगाशेठ अर्धा तास चालण्याच्या फायद्यांवर बोलले, खुर्चीत बसून. मग दहा मिनिटं हात वर, हात खाली. मग सगळे मोटरसायकली काढून शेजारच्या इतवारा पेठेत मावा जिलेबी खायला. पायी गेलं तर दहा मिनिटं लागतात.

"चला लीलाधरभाऊ. इतनी मेहनत के बाद चलती है," दगाशेठ म्हणाले.

"कोणाच्या मेहनतीनंतर?"

"वहिनी गेल्यापासून फार कडू झाले तुम्ही."

"आधीपासूनच आहे. ती झाकून घ्यायची."

व्यायाम घेणारी निशा, खो-खो खेळलेली पोरगी. तिने माझ्यासमोर खुर्ची ठेवली.

"काका, उठा, बसा. हात टेकायचे नाहीत."

"बसायला मला कोणी शिकवायची गरज नाही."

"बसता येतंच तुम्हाला. उठायचं शिका."

तिला घाटाचं सांगितलं. तिने हळहळ व्यक्त केली नाही, कागद काढला. अठरा फेब्रुवारीला चाळीस पायऱ्या, म्हणजे आज चार, दर आठवड्याला तीन वाढवायच्या. शेजारच्या शाळेच्या जिन्यावर मी रोज चढलो, उतरलो. बाकीचे अकरा जण जिलेबीपर्यंत पोहोचत होते. फेब्रुवारी लागला तेव्हा मी एकतीसवर होतो.

गुरुवारी शेजारच्या धुरपदाबाई दारात आल्या.

"भाऊजी, परवाच्या श्राद्धाचं सामान आणलं का?"

"परवा कुठे? अठराला आहे."

"अठराला कोणाचं? श्राद्ध तारखेवर असतं का तिथीवर? माघ वद्य षष्ठी शनिवारी येते. ज्योत्स्ना असती तर आज तुमची काही खैर नव्हती."

तिथ्या ती बघायची. संकष्टी, माझ्या आईबापांची श्राद्धं, सगळं तिच्याकडे. मला फक्त तारखा कळायच्या, पगाराच्या आणि हजेरीच्या. शनिवारी सात तारीख. अकरा दिवस कमी पडले.

"टेन्शन नका घेऊ बाबा," विपुल म्हणाला. "खुर्ची घेऊन चलतो ना आपण. ऊपर से ही कर लेना."

मी निशाला फोन लावला.

"उतरणं होईल," ती म्हणाली. "चढताना थकलात तर पायरीवर बसा, खुर्चीवर बसता तसं. मग हात न टेकता उठा. तेच तर करतोय आपण अडीच महिने."

शनिवारी उतरलो. विपुलने कोपर धरलं होतं, सोडायला लावलं. पाणी घोट्यापर्यंत आलं. गुरुजींना पुढे दुसरं काम होतं, ते मंत्र पळवत होते. त्यांना म्हटलं, सावकाश, मी वर्षभर थांबलोय. ज्योत्स्नाचं नाव घेऊन तीन वेळा ओंजळ सोडली. तीळ बोटांना चिकटून राहिले. ते धुवायचं लक्षात आलं नाही.

चढताना एकतीस पायऱ्या झाल्या आणि मांड्या थरथरायला लागल्या. बसलो. उठलो. दोन पायऱ्या, परत बसलो. सोबत आलेल्या धुरपदाबाई तेवढ्यात वर जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आल्या. सत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना कोणी मंडळात पाठवलं नाही.

वर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. विपुलने खुर्ची उघड्यावर मांडून ठेवली होती आणि स्वतः कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. तो चौतीस वर्षांचा आहे.

"तू बस," मी म्हटलं. तो बसला.

निशाने सांगितलेलं दिसतं, अठराला मंडळात माझा सत्कार आहे म्हणे. मी जाणार आहे, पण हार-नारळ उरकल्यावर, थेट शाळेच्या जिन्यावर. विपुलला सोबत नेणार. त्याची चिठ्ठी मीच लिहिली आहे, डॉक्टरची वाट न बघता.