तांब्याची पट्टी आणि रिकामा रस्ता

सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं ऑफिस आत, आणि मधोमध लॅपटॉप घेऊन वायरबाबा, रखडणारं नेटवर्क सुधारायला साहेबांनी बोलावलेला.

"तारांमधली ऊर्जा तुंबलीय," तो म्हणाला. "डोळे मिटा. दोन मिनिटांत कुणी उघडले, तर ती त्याच्या अंगावर येईल."

सगळ्यांनी मिटले. साहेबांनी तर घट्ट. मीही मिटले, हे सांगायला लाज वाटते. उघडले तेव्हा राउटरवर तांब्याची पट्टी चिकटली होती. गोदामाची जी यादी उघडेपर्यंत चहा गार व्हायचा, ती चुटकीसरशी उघडली.

"सहा वर्षांत तुला जमलं नाही ते," साहेब मला म्हणाले. बाळंतपणाची रजा संपवून मी आठवड्यापूर्वीच परतले होते. "उद्या यांच्या करारावर सही करतो. नेटवर्क आता हे बघतील, तू तक्रारी लिहून घे."

घरी गेले ती धुमसतच. आपलं बाळ परक्याच्या कडेवर खुदकन हसावं, तसा माझा राउटर वागला होता.

धाकट्याला पाजता पाजता थोरलीला सगळं सांगितलं. ती सहा वर्षांची, भावावर कायम जळणारी.

"आई, पण डोळे कशाला मिटायचे?"

"ऊर्जेसाठी म्हणे."

"काहीतरीच. मी बाळाचा खुळखुळा लपवते ना, तेव्हा तुला डोळे मिटायला सांगते."

"म्हणून सापडत नव्हता होय?"

ती पळाली. मी मात्र त्या मिटल्या डोळ्यांच्या दोन मिनिटांपाशीच अडकले.

सकाळी राउटरची नोंदवही उघडली. कोण, कधी, काय बदललं, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. डोळे मिटल्याच्या मिनिटाला एकच ओळ बदललेली: एकाचा चार.

गोदामाकडे आमचे दोन रस्ते. एक जाड फायबरचा, दुसरा बारीक रेडिओचा, राउटरच्या हिशेबी तिप्पट महाग, म्हणजे तितकाच मंद. आकडा एक असला की सगळी माहिती फायबरवरूनच जाते, आणि तो तुंबतो. रेडिओ नुसता राखीव. चार केला की चौपटीपर्यंत महाग रस्ताही चालतो, आणि ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे वाटणी होते: तीन हिस्से फायबरला, एक रेडिओला.

माझा मत्सर खरा पेटला तो इथे. राखीव ते राखीव, म्हणत सहा वर्षं मी त्या आकड्याला हात लावला नव्हता. याला सुचलं, मला नाही.

साहेबांनी पेन काढलं, तेव्हा मी पट्टी उपटली. यादी तशीच झरकन उघडली.

"ऊर्जा मुरलीय आत," वायरबाबा म्हणाला.

"बरं. पट्टी परत लावते." लावली, आणि सगळ्यांच्या देखत चाराचा एक केला. यादी रखडली. पट्टी लखलखत होती. एकाचा चार केला; यादी धावली.

"अहो, मग हे सरळ सांगायचं ना," साहेब त्याला म्हणाले.

तो बॅग आवरत होता. उत्तर मीच दिलं. "सांगितलं तर एकदाच विकलं जातं, साहेब. पट्टी दर महिन्याला भारावी लागते."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "नेटवर्क तुझ्याकडेच," एवढंच म्हणाले.

त्या माणसाला विद्या होती, हे मी अजूनही जळत जळत मान्य करते. पण प्रामाणिक असेल तो दाखवून करतो. कुणी डोळे मिटायला सांगितलं, की निदान एक उघडा ठेवा. आणि घरात सहा वर्षांचं कुणी असेल, तर आधी त्याला विचारा.

खुळखुळा पिठाच्या डब्यामागे सापडला.