कपाटातला पाय

मी पाय बोलतोय. जन्मजात नव्हे, घडवलेला, गुडघ्याखाली बांधायचा. उभं राहायचं आणि माणसाला उभं ठेवायचं, एवढंच मला येतं. ते पुष्कळ झालं.

माझा जन्म संशोधनाच्या निधीतून झाला. विद्यापीठाने आणि बाहेरच्या संस्थेने मिळून काम करायचं, ही निधी देणाऱ्यांची अट. पैसा दिसताच दोघांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले. मग विद्यापीठाचे प्राध्यापक आणि अपंगांच्या संस्थेचे अध्यक्ष भांडत बसले, पाटीवर कुणाचं नाव वर. तेवढ्यात मिस्त्रीने मला घडवून टाकलं.

संस्थेने मला एका इस्त्रीवाल्या बाईला बांधलं. ती स्टुलावर बसून इस्त्री करायची आणि म्हातारी सासू जिने चढून गठ्ठे पोचवायची. मी आलो आणि बाई स्वतः जिने चढू लागली.

"आई, आता तुम्ही बसा."

"बसते. पण तू मिरवत फिरू नकोस, इकडे कपडे जळतील!"

दोघी हसल्या. मला हसता येत नाही. मी डगमगलो नाही, एवढंच.

पुढे निधीवाले पाहणीला आले. सासूसोबत आलेल्या बाईला त्यांच्यासमोर चालवलं. टाळ्या पडल्या. त्या थांबताच अध्यक्ष म्हणाले, "काढा आता. वस्तू प्रकल्पाची आहे, इथेच कपाटात राहील. पुढचा निधी आला की नवा देऊ."

"मग मी घरी कशी जाऊ?"

"गाडी करून देतो की!"

"आणि उद्या?"

प्राध्यापक घड्याळ बघू लागले.

बाईने पट्टे सोडले. "साहेब, तुमच्या कपाटाला पाय कशाला हो लागतो?"

सासूच्या खांद्यावर भार टाकून ती उड्या घेत दाराबाहेर गेली. शिकलेली मंडळी चहाकडे वळली.

आता मी काचेआड आहे. पाहुणे वाकून बघतात, "वा वा" करतात. ज्यांना स्वतःचे दोन आहेत त्यांचं कौतुक मला काय करायचंय? प्राध्यापक आणि अध्यक्ष, दोघांना नवा निधीही मिळालाय. विषय काय, तर गरीब माणसं कृत्रिम पाय वापरणं का सोडतात! लाज नावाची चीज यांच्या गावी नाही.

हात जोडणं माझ्या स्वभावात नाही, आणि मला हातही नाहीत. पण कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याने ऐकावं. ती म्हातारी पुन्हा गठ्ठे घेऊन जिने चढत असेल. मला तिच्या सुनेकडे नेऊन टाक. अहवालात हरवला म्हणून लिही.